पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या

माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं की आधी 21 पांढऱ्या गोळ्या दिसतात आणि शेवटी सात तपकिरी. पांढऱ्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिऑल 0.03 मिलिग्रॅम, अशी दोन संप्रेरकं असतात. तपकिरीत नुसतं लोह. गर्भ राहू न देण्याचं काम पांढऱ्यांचं. मग तपकिरी कशाला? अंगात रक्त वाढावं म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं 1950च्या दशकात सापडतं.

15 ऑक्टोबर 1951 रोजी मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या तरुणाने कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली नॉरएथिस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक तयार केलं. नाव परकं वाटेल, पण हे औषध आपल्या घरांत कधीचंच पोचलंय. गौरी-गणपतीत, सत्यनारायणाला, सख्ख्या नणंदेच्या लग्नात पाळी नको म्हणून केमिस्टकडून जी गोळी आणतात, ती बहुतेकदा हीच. आणि गल्लत होते तीही इथेच. पाळी लांबवायला चार-आठ दिवस घेतलेल्या या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवता येत नाही. गणपतीला चाकरमानी नवरा मुंबईहून गावी आलाय आणि पाळीची गोळी चालूच आहे, तेव्हा काळजी नाही, हा हिशेब चुकीचा.

मुंबईत र. धों. कर्वे 1921 पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. त्यांच्याकडे देण्याजोगी साधनं होती ती सगळी वाट अडवणारी. पोटात घ्यायचं काही नव्हतं. 1953 मध्ये ते गेले, गोळी बाजारात येण्याआधीच. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईतच कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि तिला अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर आल्या होत्या. अशी एखादी गोळी निघावी म्हणून याच सँगरबाई ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाच्या मागे लागल्या होत्या. पैसा पुरवला कॅथरिन मॅकॉर्मिक या धनाढ्य बाईंनी.

पिंकस यांचे जोडीदार जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि श्रद्धाळू कॅथलिक. सुरुवातीला त्यांनी बायकांना संप्रेरक रोज, खंड न पाडता दिलं. पाळी थांबली, मळमळ सुरू झाली, आणि मूल व्हावं म्हणून उपचाराला आलेल्या त्या बायकांना दिवस गेल्यासारखं वाटू लागलं. खरं कळल्यावर त्या पार खचल्या. तेव्हा पिंकस यांनी तोडगा काढला: वीस दिवस गोळी, मग थांबायचं, म्हणजे रक्तस्राव होईल. पुढे त्याचेच 21 आणि सात झाले. सात दिवसांतला तो रक्तस्राव म्हणजे खरी पाळी नव्हे, संप्रेरक थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर गळतं इतकंच. शरीराला त्याची गरज नव्हती. बाईच्या मनाला दिलासा आणि धर्मगुरूंना ‘हे नैसर्गिकच आहे’ असं सांगायची सोय, असा तो दुहेरी कारभार होता. (धर्मगुरूंनी तरीही 1968 मध्ये नाहीच म्हटलं.)

1956 मध्ये पोर्तो रिकोत रिओ पिएद्रास इथल्या वसाहतीत मोठी चाचणी झाली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी स्पष्ट लिहिलं की 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते आहे. पिंकस यांनी ते मनाचे खेळ ठरवले. 1960 मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या एनोव्हिडच्या एका गोळीत मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन 150 मायक्रोग्रॅम होतं. आजच्या माला-एनमधलं इस्ट्रोजेन, म्हणजे इथिनिल इस्ट्राडिऑल, 30 मायक्रोग्रॅम. दोन्ही द्रव्यं वेगळी, पण फरक कळायला आकडे पुरेत. मात्रा उतरली ती आपोआप नव्हे. रक्ताच्या गुठळ्यांची प्रकरणं 1961 पासून नोंदली जाऊ लागली. 1969 मध्ये ब्रिटनने 50 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नका असं डॉक्टरांना बजावलं. 1970 मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत बोलायला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती, म्हणून बायका प्रेक्षकांतून उठून ओरडल्या. त्याच वर्षी पाकिटासोबत माहितीपत्रक देणं आलं. पस्तिशीपुढे सिगारेट ओढणारी, रक्तदाब असलेली, डोळ्यांपुढे लकाकी येऊन अर्धशिशी उठणारी, पूर्वी गुठळी झालेली बाई असेल तर ही गोळी नको, हे आज डॉक्टर विचारून घेतात (निदान घ्यावं) त्यामागे हा सगळा झगडा आहे.

आपल्याकडेही असा झगडा झाला, पण सुईवरून. 1985 मध्ये हैदराबादजवळ पटानचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना नीट माहिती न देताच गोळा केल्याचं स्त्री संघटनांनी उघड केलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तीन महिन्यांनी घ्यायचं दुसरं इंजेक्शन ‘अंतरा’ नावाने सरकारी केंद्रांत आलं ते 2017 मध्ये. गोळीला मात्र इथे कुणी डोक्यावर घेतलं नाही, सरकारनेही नाही. भर राहिला शस्त्रक्रियेवर. 2019-21च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांनी नसबंदी केलेली आढळली, गोळी घेणाऱ्या 5.1 टक्के.

आता पुन्हा त्या सात गोळ्यांकडे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये डेव्हिड वॅग्नर नावाच्या इंजिनिअरच्या घरी ‘आज घेतलीस का?’ यावरून रोज खटके उडत. चार मुलं झाली होती. त्याने कागदावर वार लिहून प्रत्येक वारावर एकेक गोळी मांडून ठेवली. कागद खाली पडला आणि गोळ्या जमिनीवर विखुरल्या. मग त्याने प्लॅस्टिकची तबकडी बनवून पेटंट घेतलं. दिवसागणिक गोळी मांडलेलं पाकीट त्यातून आलं, आणि रोजची सवय मोडू नये म्हणून सात रिकाम्या दिवसांतही काहीतरी गिळायला द्यायचं ही युक्तीही रूढ झाली. माला-एनमध्ये तिथे लोह घातलं, हे मला खरोखर शहाणपणाचं वाटतं.

धोका आहे तो या सात दिवसांच्या दोन्ही टोकांना. बीजकोश गप्प बसायला सलग सात दिवस पांढरी गोळी लागते, आणि सात दिवस ती नसली की ते पुन्हा हालचाल करू लागतात. आठवा-नववा दिवसही कोरडा गेला तर बीज सुटू शकतं. म्हणून पाकिटाच्या सुरुवातीची किंवा शेवटची पांढरी गोळी चुकणं सगळ्यात महागात पडतं. एक चुकली तर आठवताच घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली घेऊन पुढे चालू ठेवावं आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली तर तपकिरी गोळ्या सोडून थेट नवं पाकीट उघडावं. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं गोळीचा जोर मोडतात, तेव्हा दुसरी पद्धत लागते. अगदी बिनचूक घेतली तर वर्षाला हजारात तीन बायकांना दिवस जातात. रोजच्या धांदलीत घेतली तर शंभरात सात.

2019 मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ संस्थेने सांगून टाकलं की सात दिवसांच्या खंडाने तब्येतीला कुठलाही फायदा होत नाही. आपल्या पाकिटात तो अजून आहे, आणि आशाताईंनी समजावून सांगायची गोष्ट एवढीच उरते: शेवटची तपकिरी गोळी आज घेतली असेल तर उद्या नव्या पाकिटातली पांढरी, अंगावरून जायचं थांबलं असो वा नसो.