चमचाभर साखरेचा हिशेब

परवा संध्याकाळी संत्रं सोललं आणि खाण्याआधी शुगर बघावी म्हणून बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा आला २८६. गोळी चुकली नव्हती, वेगळं काही खाल्लं नव्हतं. तरीही दोन मिनिटांत दुपारचा जास्तीचा घास आठवला, बुडवलेलं फिरणं आठवलं, स्वतःचा थोडा रागही आला. मग हात साबणाने धुतले, नीट पुसले आणि दुसरा थेंब काढला. १३४. आधीच्या थेंबात रक्ताबरोबर संत्र्याचा रसही मोजला गेला होता. पट्टीला लागणारा थेंब इतका लहान की बोटावरचा जरासा चिकटपणासुद्धा त्याला भारी पडतो.

हा प्रकार मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांना ओळखीचा वाटेल. चिकट बोटाचा नव्हे, रागाचा. मीटरवरचा आकडा आपण प्रगतिपुस्तकातल्या गुणांसारखा वाचतो.

मुळात हा हिशेब किती बारीक आहे ते बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. शुगर १०० असते म्हणजे दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार केला तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा! एका भरपेट जेवणातून त्याच्या दहा-बारा पट ग्लुकोज रक्तात येऊ शकतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड मिनिटामिनिटाला इन्सुलिन कमी-जास्त करून ते यकृतात आणि स्नायूंत पोचवतं. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही आणि पुढे ते कमीही पडू लागतं. मग जे काम एक अवयव गुपचूप करत होता ते गोळ्या, सुया, घड्याळ आणि आपली अक्कल यांच्यावर येऊन पडतं. चमचाभर साखरेचा हिशेब हाताने ठेवायचा, तर तो अधूनमधून चुकणारच.

सकाळच्या आकड्याचंच घ्या. रात्री अगदी हलकं जेवून झोपावं आणि उपाशीपोटी शुगर झोपतानापेक्षा जास्त निघावी, यासारखं चिडवणारं दुसरं काही नसेल. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक अंगात चढू लागतं, आणि यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडतं. रात्रीच्या ताटाचा त्यात दोष असेलच असं नाही. असं वारंवार होत असेल तर उपाशी राहू नये. नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. औषध किंवा त्याची वेळ बदलून अनेकदा फरक पडतो.

आपल्या हातात खरी ताकद आहे ती स्नायूंची, आणि तिची चर्चा पथ्याच्या मानाने फारच कमी होते. ग्लुकोजला स्नायूच्या पेशीत शिरायला वाहक प्रथिनं लागतात. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात आणि इन्सुलिनची हाक आली की पृष्ठभागावर येतात. पण स्नायू आकुंचन पावू लागला की ती इन्सुलिनच्या हाकेची वाट न बघताही वर येतात. म्हणजे टाइप २ मध्ये पुढचं दार अडकलं असलं तरी चालताना मागचं दार उघडतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने टाइप २ असलेल्या ४१ जणांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून कधीतरी सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली. संध्याकाळच्या जेवणानंतर तर २२ टक्के. चालणं तेवढंच, फक्त वेळ बदलली. (टाइप १ मध्ये शुगर खूप चढलेली असून लघवीत कीटोन (इन्सुलिन फार कमी पडल्यावर चरबी जळून बनणारे पदार्थ) असतील, तर मात्र व्यायाम टाळायचा.)

झोपेचंही तसंच. अपुऱ्या झोपेच्या थोड्याच रात्रींनी इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, निरोगी तरुणांमध्येसुद्धा.

मग संतुलन म्हणजे नेमकं किती? त्वचेवर लावायच्या सेन्सरमुळे आता दिवसभराचा आलेख दिसतो. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेलं बहुतेक प्रौढांसाठीचं लक्ष्य असं: ७० ते १८० या पट्ट्यात ७० टक्के वेळ, म्हणजे चोवीस तासांतले साधारण १७ तास. उरलेले सात तास शुगर इकडेतिकडे होणार हे गृहीतच धरलेलं आहे. वयस्कर माणसांसाठी लक्ष्य आणखी सैल असतं, गरोदरपणात अधिक काटेकोर.

या सैलपणामागे पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ असलेल्या १,४४१ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल १९९३ मध्ये आले. कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण त्या गटाची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या आसपास होती, निरोगी माणसाइतकी खाली नव्हती. आणि शुगर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग त्यांच्यात सुमारे तिपटीने जास्त होते.

शुगर ७० च्या खाली गेली, हात थरथरू लागले, घाम फुटला की माणूस दिसेल ते खात सुटतो आणि तासाभरात ३०० वर पोचतो. लागते ती १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे. पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखरेचा वेग कमी करते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये. हा अंदाज हातात बसला की कष्टाची कामंही करता येतात. वसीम अक्रमला मधुमेहाचं निदान झालं १९९७ मध्ये. एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी त्याने घेतला २००३ च्या विश्वचषकात.

रोजच्या या हिशेबाचा शीण येतो, आणि तो आळस नव्हे. डॉक्टरांकडे त्याला ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ असं नाव आहे, तो मोजायच्या प्रश्नावल्याही आहेत. तपासणीला गेल्यावर पायाला बधिरपणा आहे का हे सांगतो, तसं याबद्दलही सांगावं. घरच्यांचा त्यात वाटा असतो. ‘आज किती आली?’ हा प्रश्न आमच्याकडे मी बंद करायला लावला. आता जेवण उरकलं की मुलगी काही न बोलता माझे बूट दाराशी आणून ठेवते, आणि आपलेही घालते.