मोटरहोममधील पूरक बॅटरी-स्टार्ट : बिघाड व दुरुस्ती

जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीत, बॅटऱ्यांचे दोन संच असतात. एक इंजिनाचा सेल्फ (स्टार्टर मोटर) फिरवतो. दुसरा, म्हणजे ‘घरची बॅटरी’, आतले दिवे, पंखा, पाण्याचा पंप चालवतो. इंजिनाची बॅटरी उतरली की डॅशबोर्डवरचे बटण दाबून दुसरा संच तेवढ्यापुरता मदतीला जोडायचा, ही पूरक बॅटरी-स्टार्टची व्यवस्था. अमेरिकी बनावटीच्या गाड्यांत ती सर्रास असते. पुण्याहून निपाणी, संकेश्वरमार्गे बेळगावला आणि तिथून चोर्ला घाटाने गोव्याला निघालेली अशी गाडी वाटेत अडली, तर ती येते ट्रक-टेम्पोची कामे करणाऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे. ट्रक-बसवाल्या वायरमनचा हात २४ व्होल्टवर बसलेला असतो, म्हणून पहिला प्रश्न व्होल्टेजचाच. दोन्ही संच १२ व्होल्टचे असतील तरच ते थेट जोडता येतात. इंजिन २४ व्होल्टचे आणि घरची बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर अशी जोडणी मुळीच करू नये.

व्यवस्थेचा जीव सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या जाड स्विचमध्ये असतो. बटण दाबले की त्यातली कॉइल आतला दांडा ओढते आणि तांब्याची चकती दोन जाड स्टडवर (केबल जोडायच्या बोल्टवर) आदळून दोन्ही संच एक करते. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. दर वेळी ठिणगी उडून चकती काळी पडते, तिच्यावर खड्डे पडतात. त्यामुळे ‘टक्’ आवाज येतो, पण सेल्फ फिरत नाही. अशा वेळी अनेकजण नवी बॅटरी आणायला धावतात आणि पैसे वाया जातात. बॅटरी बदलण्याआधी मीटर लावावा. विसावलेली, पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मग मीटरची दोन टोके सोलेनॉइडच्या दोन जाड स्टडवर धरावीत आणि सोबत्याला बटण दाबून सेल्फ मारायला सांगावे. काटा ०.३ व्होल्टच्या वर गेला, तर वीज त्या चकतीतच अडते आहे. हीच चाचणी बॅटरीचा पोल आणि त्यावरचा लग (केबलच्या टोकाची धातूची पकड) यांच्यातही घ्यावी. बाहेरून चकचकीत दिसणारी केबल आतून हिरवी झालेली पुष्कळदा निघते.

आवाजच येत नसेल, तर बटण दाबून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर (बटणाची वायर येते तिथे) व्होल्टेज पाहावे. तिथे वीज नसेल तर दोष फ्यूज, बटण किंवा वायरमध्ये. वीज येत असेल, तर कॉइल जळली आहे किंवा अर्थ (गाडीच्या पत्र्यातून ऋण टोकाकडे जाणारी जोडणी) तुटला आहे. एकच लहान टर्मिनल असलेल्या सोलेनॉइडला अर्थ त्याच्या पत्र्यातूनच मिळतो. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत या पत्र्याखाली गंज धरतो. नट काढून, गंज खरवडून, उघडा चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासले की कित्येकदा जुनाच सोलेनॉइड काम करू लागतो.

बदलायचाच झाला, तर सतत चालणाऱ्या प्रकारचाच घ्यावा. सेल्फचा स्वस्त सोलेनॉइड काही सेकंदांपुरता असतो. बऱ्याच मोटरहोममध्ये हाच सोलेनॉइड गाडी चालू असताना घरची बॅटरीही चार्ज करतो, तिथे सेल्फवाला लावला तर कॉइल जळते. सतत चालणारा सोलेनॉइड हात लावता येणार नाही इतका तापतो, तो मात्र दोष नव्हे.

घाईत केले जाणारे ‘डायरेक्ट’ हे या दुरुस्तीतले सर्वांत वाईट काम. सोलेनॉइड वगळून जाड केबलने दोन्ही संच कायमचे जोडले की गाडी त्या वेळी चालू होते, पण रात्री दिवे-पंखा दोन्ही बॅटऱ्या उतरवून टाकतात आणि पूरक व्यवस्थेला अर्थच उरत नाही. शिवाय वाटेत फ्यूज नसलेली ती केबल पत्र्यावर घासली तर आग लागू शकते. काम करताना ऋण केबल आधी सोडावी व शेवटी लावावी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बॅटरीची पेटी उघडी ठेवून जरा वारा खेळू द्यावा. पोलवरचा पांढरा थर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवावा, पाणी बॅटरीच्या तोंडात जाऊ देऊ नये. नंतर लग घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावावी.

शेवटची तपासणी इंजिन चालू ठेवून करावी. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) ठीक असेल तर इंजिनाच्या बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. सोलेनॉइड चार्जिंगही करत असेल, तर घरच्या बॅटरीवरही जवळपास तेवढेच. इंजिन बंद करून आतले दिवे लावल्यावर घरची बॅटरी एकटीच उतरायला हवी. दोन्ही आकडे बरोबरीनेच खाली येत राहिले, तर चकती स्टडला चिकटून बसली आहे, सोलेनॉइड पुन्हा खोलावा लागेल.