नृत्यसंगीताच्या रेडिओ कार्यक्रमांचे श्रोतृमापन

डिस्को, हाउस, टेक्नो, ट्रान्स अशा क्लबसंगीताचे रेडिओ कार्यक्रम किती लोक, किती वेळ आणि केव्हा ऐकतात याचा नमुना पाहणीवरून काढलेला अंदाज. व्यवहारात त्याला नुसते ‘रेटिंग’ म्हणतात. या कार्यक्रमांसाठी मोजणीची वेगळी यंत्रणा नसते. बातम्या, गप्पा आणि चित्रपटगीते ज्या मापाने मोजली जातात, त्याच मापाने हेही मोजले जातात. पण हे कार्यक्रम बहुधा शुक्रवारी-शनिवारी रात्री उशिरा लागतात, त्यांचा श्रोता तरुण असतो आणि तो रेडिओसमोर बसून ऐकेलच असे नाही. मोजणीची यंत्रणा नेमकी या तीनही ठिकाणी कच्ची असल्याने आकडा किती आहे याआधी तो कसा गोळा झाला हे पाहावे लागते.

मोजणीचे एकक पाव तासाचे असते. घड्याळाच्या एखाद्या पाव तासात किमान पाच मिनिटे एक केंद्र ऐकले, की तो पाव तास त्या केंद्राच्या खात्यात जमा होतो. अमेरिकेत श्रोत्याने अंगावर बाळगायच्या मीटरने होणाऱ्या मोजणीत ही अट २०२५ पासून तीन मिनिटांवर आणली आहे. या पाव तासांतून तीन आकडे निघतात. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक ऐकत होते ते रेटिंग. त्या वेळी रेडिओ ऐकणाऱ्यांपैकी किती टक्के या केंद्रावर होते तो वाटा. आणि ठरलेल्या काळात एकदा तरी केंद्राकडे वळलेल्या निरनिराळ्या माणसांची संख्या ती पोहोच.

समजा, एका शहरात मोजणीच्या वयोगटातली १० लाख माणसे आहेत. शनिवारी रात्री १० ते १२ या आठ पाव तासांत सरासरी ४० हजार जण कुठले ना कुठले केंद्र ऐकत आहेत आणि त्यांतले ६ हजार एका डान्स कार्यक्रमावर आहेत. कार्यक्रमाचे रेटिंग ०.६ भरते, म्हणजे जवळपास नगण्य. वाटा मात्र १५ टक्के निघतो, आणि एवढ्या वाट्यावर कुठलेही केंद्र खूश असते. या दोन तासांतली पोहोच १८ हजार असेल, तर ६ हजारांना आठने गुणून १८ हजारांनी भागावे. प्रत्येक श्रोत्याने सरासरी सुमारे २.६७ पाव तास, म्हणजे ४० मिनिटे ऐकले असे उत्तर येते. केंद्राचा विक्री विभाग जाहिरातदारापुढे वाटा ठेवतो, जाहिरात संस्थेचा खरेदीदार रेटिंग विचारतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

रात्रीच्या कार्यक्रमांबाबत खरी अडचण नमुन्याची आहे. वरच्या शहरात पाहणीसाठी १,००० माणसे निवडली असतील, तर ०.६ रेटिंग म्हणजे हाडामांसाची सहा माणसे. त्यांतली दोघे त्या शनिवारी बाहेरगावी गेली, की कार्यक्रमाने एक तृतीयांश श्रोते गमावले अशी नोंद होते. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने ९५ टक्के विश्वासपातळीवर या ०.६ मध्ये सुमारे ०.५ इतकी चूक दोन्ही बाजूंना संभवते. खरा आकडा ०.१ असू शकतो, तसाच १.१ही. त्यात तरुण मुले पाहणीला दाद देत नाहीत. जी थोडी सापडतात त्यांच्या उत्तरांना जास्त भार देऊन वयोगटाचा हिशेब जुळवला जातो. मग एका विशीतल्या मुलाची एकच डायरी, म्हणजे ऐकल्याची नोंदवही, हजारो जणांच्या वतीने बोलते. एखाद्या डान्स शोचे श्रोते ‘तिमाहीत दुप्पट झाले’ असे जाहीर होते, तेव्हा अशा चार-सहा डायऱ्या त्यामागे असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी.

रेडिओच्या श्रोत्यांची पद्धतशीर मोजणी अमेरिकेत १९३० मध्ये आर्चिबाल्ड क्रॉसली यांनी सुरू केली. आदल्या दिवशी काय ऐकले हे फोनवरून विचारले जाई. क्लॉड हूपर यांच्या पद्धतीत प्रश्न बदलला: फोन वाजला तेव्हा काय ऐकत होतात? स्मरणशक्तीवरचा भार त्यामुळे गेला, पण रात्री उशिरा कुणाच्या घरी फोन करणार हा प्रश्न राहिलाच. त्या काळातले नृत्यसंगीत म्हणजे हॉटेलांतून आणि बॉलरूममधून थेट प्रक्षेपित होणारे मोठे वाद्यवृंद, आणि त्यांची वेळही रात्रीचीच.

मोजणीच्या नजरेतून श्रोता कसा निसटतो याचे सर्वांत बोलके उदाहरण याच काळातले आहे. डिसेंबर १९३४ पासून एनबीसी या अमेरिकन रेडिओजाळ्यावर शनिवारी रात्री ‘लेट्स डान्स’ हा तीन तासांचा प्रायोजित कार्यक्रम सुरू झाला. तीन वाद्यवृंदांपैकी बेनी गुडमन यांच्या जोरकस स्विंगला रात्री उशिराची वेळ मिळाली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटलेली असे आणि बहुतेक घरे झोपलेली. पश्चिम किनाऱ्यावर मात्र घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे तिथल्या तरुणांना तेच संगीत ऐन संध्याकाळी ऐकायला मिळे. मे १९३५ मध्ये कार्यक्रम बंद पडला. दौऱ्यावर निघालेल्या गुडमन यांना वाटेत थंडा प्रतिसाद मिळत गेला, आणि २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये अचानक गर्दी उसळली. हा श्रोतृवर्ग महिनोन्‌महिने रेडिओला कान लावून बसलेला होता. वाद्यवृंदाला त्याचा पत्ता लागला तो तिकीटबारीवर.

पुढे निल्सन कंपनीने रेडिओ संचाला जोडलेले ऑडिमीटर हे यंत्र १९४०च्या दशकात वापरात आणले. संच कोणत्या केंद्रावर लावलेला आहे हे ते टिपत असे. समोर कोणी बसले आहे का, हे त्याला कळत नसे. ट्रान्झिस्टर आणि मोटारीतला रेडिओ आल्यावर घरातल्या एका संचावर नजर ठेवण्यात अर्थ उरला नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकन शहरांत आर्बिट्रॉन या मोजणी कंपनीची डायरी रुळली. नमुन्यातल्या प्रत्येकाला आठवड्याची छोटी वही मिळे; कधी, कुठे, कोणते केंद्र ऐकले ते त्याने स्वतः लिहायचे. आठवडा गुरुवारी सुरू होई. लिहिण्याचा उत्साह पहिल्या दिवशी सर्वांत जास्त आणि नंतर ओसरत जाणारा, म्हणून शुक्रवार-शनिवारच्या कार्यक्रमांना ही रचना सोयीचीच होती. पण केंद्रांच्या क्रमवारीसाठी जो ठळक आकडा छापला जाई तो सकाळी ६ ते मध्यरात्र या वेळेचा असे. रात्री १२ नंतरचा डीजे कितीही लोकप्रिय असो, केंद्राच्या त्या आकड्यात त्याची भर शून्य.

डायरीच्याच काळात नृत्यसंगीताने रेटिंगच्या इतिहासातली एक गाजलेली उडी मारली. न्यूयॉर्कच्या ९२.३ एफएमवरील डब्ल्यूकेटीयू हे केंद्र सौम्य रॉक वाजवत तळाशी पडले होते. जुलै १९७८ मध्ये ते रातोरात डिस्कोवर गेले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या पाहणीत त्याचा वाटा ११ टक्क्यांपुढे गेला आणि वर्षानुवर्षे शहरावर राज्य करणारे डब्ल्यूएबीसी मागे पडले. देशभरातल्या केंद्रचालकांनी तो आकडा पाहिला आणि डिस्को केंद्रांची लाट आली. गावोगावी तेच संगीत पुन्हापुन्हा वाजू लागले, वाटे घसरले, आणि ज्या आकड्याच्या भरवशावर ही केंद्रे उभी राहिली तोच उलटल्यावर ती दुसऱ्या संगीताकडे वळली. डिस्कोच्या पडझडीचे खापर नेहमी १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर झालेल्या तबकड्या फोडण्याच्या हुल्लडीवर फोडले जाते. केंद्रचालकांच्या दृष्टीने मात्र पुढच्या दोन-तीन पाहण्या जास्त निर्णायक ठरल्या असणार. खुद्द डब्ल्यूकेटीयूने १९८५ मध्ये रॉक स्वीकारले. १९९६ मध्ये ते नाव १०३.५ एफएमवर डान्स केंद्र म्हणून परतले आणि लगेच शहराच्या क्रमवारीत वर गेले.

शिकागोतच १९८१ पासून डब्ल्यूबीएमएक्स केंद्रावर ‘हॉट मिक्स ५’ हा डीजेंचा चमू न थांबता मिक्स, म्हणजे एकात एक गुंफलेली गाणी, वाजवू लागला. हाउस संगीत घराघरांत पोहोचवण्यात या कार्यक्रमाचा वाटा मोठा मानतात. लोक तो कॅसेटवर उतरवून घेत आणि आठवडाभर ऐकत, मित्रांना देत. डायरीत या ऐकण्याला रकानाच नव्हता.

ब्रिटनमध्ये बीबीसी आणि खासगी केंद्रे १९९२ पर्यंत वेगवेगळ्या पाहण्या करीत. त्या वर्षी दोघांनी मिळून राजार ही संस्था काढली. तिची पाहणी मुख्यतः डायरीवर चालत आली आहे, १५ वर्षांवरील लोकांची असते आणि निकाल दर तिमाहीला लागतो. नृत्यसंगीताच्या दृष्टीने हा काळ घडामोडींचा होता. लंडनचे डान्स केंद्र किस एफएम १९८५ पासून बेकायदा चालत होते, म्हणजे अधिकृत मोजणीच्या बाहेर; १ सप्टेंबर १९९० रोजी ते परवाना घेऊन प्रसारित झाले. बीबीसीच्या रेडिओ १ वर डीजे पीट टाँग यांचा शुक्रवारचा कार्यक्रम १९९१ मध्ये आला आणि ‘इसेन्शियल मिक्स’ ३० ऑक्टोबर १९९३ रोजी. राजारचे निकाल लागले की वृत्तपत्रे सकाळच्या कार्यक्रमांची बेरीज-वजाबाकी छापतात, कारण रेडिओ सर्वाधिक ऐकला जातो तो सकाळी. मध्यरात्रीनंतरचा मिक्स त्या बातमीत सहसा नसतो. तरीही तो तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. केवळ आकड्यांवर कार्यक्रम ठेवायचा किंवा काढायचा असता, तर त्याची इतकी वर्षे भरली नसती. अशा कार्यक्रमाकडून केंद्राला संगीतक्षेत्रातली पत हवी असते, आणि ती कोणत्याही तक्त्यात येत नाही.

आठवणीवर चालणारी मोजणी फिरवता येते हे २०१६ मध्ये फ्रान्समध्ये दिसले. डान्स संगीतासाठी ओळखल्या जाणाऱ्या फन रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमात, पाहणीवाल्यांचा फोन आला तर आपलेच केंद्र ऐकतो असे सांगा, अशा आशयाचे आवाहन श्रोत्यांना केले गेल्याचा आक्षेप प्रतिस्पर्धी केंद्रांनी घेतला. तिथली मोजणी करणारी मेदियामेत्री ही संस्था फोनवरून आदल्या दिवसाचे ऐकणे विचारते. तिने त्या हंगामाच्या निकालांतून फन रेडिओचे आकडे बाजूला काढले. पुढच्या निकालांतही आवाहनाचा परिणाम उरला असल्याचे धरून दुरुस्ती करण्यात आली. श्रोते खोटेच बोलले असे म्हणायची गरज नाही. आवडत्या केंद्राचे नाव ओठांवर ठेवले, तर काल दहा मिनिटे ऐकलेलेही तासभर वाटू शकते.

यावरचा उपाय म्हणून अंगावर बाळगायचा मीटर आला. आर्बिट्रॉनने २००७ मध्ये ह्यूस्टन आणि फिलाडेल्फियापासून तो अधिकृत मोजणीत वापरला. केंद्राच्या आवाजात कानाला न जाणवणारे संकेत मिसळलेले असतात आणि मीटर ते ऐकतो. मीटर आल्यावर केंद्रांची पोहोच फुगली आणि ऐकण्याचा काळ आटला. लोक जितकी केंद्रे आठवून लिहीत त्याहून पुष्कळ जास्त केंद्रे त्यांच्या कानांवरून जात होती. हे संकेत साधारण १ ते ३ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात दडवलेले असतात आणि तिथे मूळ आवाज भरगच्च असला तरच ते जोरात घालता येतात. त्यामुळे संथ, मोकळ्या जागा असलेल्या संगीताची व बोलण्याची केंद्रे तक्रार करू लागली, तर अखंड ठेका आणि घट्ट ध्वनिमिश्रण असलेल्या डान्स संगीताला ही व्यवस्था मानवली. पुढे हे संकेत ठळक करणारे व्होल्टेअर नावाचे उपकरण बाजारात आले आणि २०१५ मध्ये निल्सनला (आर्बिट्रॉन तोवर तिने विकत घेतली होती) स्वतःची संकेतपद्धती सुधारावी लागली. मीटरचा दुसरा वाद नमुन्याचा होता. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक श्रोत्यांना नमुन्यात पुरेसे स्थान नाही म्हणून न्यूयॉर्क राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू क्युओमो यांनी २००८ मध्ये आर्बिट्रॉनवर दावा लावला. तो जानेवारी २००९ मध्ये तडजोडीने मिटला. लयप्रधान संगीताच्या अमेरिकन केंद्रांचा मोठा श्रोतृवर्ग याच समाजांतला असल्याने त्यांच्यासाठी हा वाद कागदोपत्री नव्हता.

अनेक देशांत वितरित होणाऱ्या डीजे कार्यक्रमांचे आकडे वेगळ्याच जातीचे असतात. आर्मिन व्हॅन ब्यूरेन यांचा ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’ २००१ पासून चालू आहे आणि त्याच्या प्रसिद्धीत ८० हून अधिक देश व कोट्यवधी श्रोते यांचा उल्लेख असतो. असे आकडे सरसकट खोटे ठरवू नयेत, पण ते रेटिंग नव्हेत. जगभर एकाच पद्धतीने मोजणारी पाहणी अस्तित्वात नाही. कार्यक्रम घेणाऱ्या केंद्रांची स्वतःची पोहोच एकमेकांत मिळवली, की मोठा आकडा सहज तयार होतो. त्यांतल्या किती जणांनी तो विशिष्ट तास ऐकला हे बेरजेत दिसत नाही.

इंटरनेटवर मिक्स कधीही ऐकता येऊ लागल्यावर थेट प्रसारणाची मोजणी आणखी अपुरी पडते. मिक्सक्लाउडसारख्या ठिकाणी दिसणारा आकडा किती वेळा वाजवले याचा असतो, माणसांचा नव्हे. एकच श्रोता पाच वेळा ऐकू शकतो आणि दुसरा चाळीस सेकंदांत निघून जाऊ शकतो. उलट सर्व्हरच्या नोंदीत कोणत्या मिनिटाला किती जण बाहेर पडले ते तंतोतंत कळते, जे डायरीला कधीच जमले नाही. २०२४ च्या अखेरीस किसने लंडनसह आपल्या एफएम लहरी सोडल्या आणि डिजिटल रेडिओ व इंटरनेटवर राहणे पसंत केले. त्याच्या आजच्या आणि १९९०च्या दशकातल्या पोहोचीची थेट तुलना त्यामुळे करता येत नाही.