निवृत्त लष्करी जेट विमाने : जतन आणि मोडणी

सेवेतून काढलेल्या लढाऊ, बॉम्बफेकी व प्रशिक्षण जेट विमानांचे पुढे मुख्यतः चार प्रकारे काही ना काही होते : पुन्हा लागतील म्हणून ती राखून ठेवतात, त्यांचे सुटे भाग काढून घेतात, प्रदर्शनासाठी जतन करतात किंवा मोडीत काढतात. कागदावर या चार वाटा वेगळ्या दिसतात. प्रत्यक्षात एकच विमान बरेचदा दोन-तीन वाटांनी जाते. संग्रहालयात दिमाखात उभे असलेले विमान आतून बहुधा पोकळ असते, आणि भट्टीत वितळून गेलेल्या विमानाचा एखादा पंप किंवा चाकाचा पाय दुसऱ्या विमानात अजून उडत असतो. त्यामुळे जतन आणि मोडणी यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

लढाऊ विमानाचे वय वर्षांपेक्षा उड्डाणाच्या तासांत आणि त्या तासांत घेतलेल्या वळणांत मोजले जाते. प्रत्येक तीव्र वळणात पंख वाकतो, सरळ होतो, आणि बोल्टच्या भोकांभोवती धातू थोडा थकतो. ठरलेली मर्यादा गाठली की विमान बाहेरून कितीही चकचकीत असले तरी ते जमिनीवर येते. याखेरीज खर्चात कपात, सुट्या भागांची टंचाई, शस्त्रकपातीचे करार ही कारणे असतातच. प्रवासी विमानाला निवृत्तीनंतरही मालवाहतुकीची किंवा भागांची खुली बाजारपेठ मिळते. लष्करी जेटला ती फारशी मिळत नाही, कारण त्याच्या अंगात स्फोटके, गुपिते आणि निर्यातबंदीखालील भाग असतात.

साठवण : या कामाचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसान शहरालगतचा डेव्हिस-मॉन्थन हवाई तळ. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, बी-२९ आणि सी-४७ विमाने ठेवण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. आज तेथील ३०९ वा देखभाल गट सुमारे २,६०० एकरांवर हे काम पाहतो. जागेची निवड हवा आणि माती पाहून झाली. हवा कोरडी, पाऊस वर्षाला जेमतेम २८ सेंटिमीटर, आणि जमिनीत चुनखडीचा इतका टणक थर की अवजड बॉम्बफेकी विमानही काँक्रीट न घालता तसेच उभे करता येते. फरसबंदीचा केवढा खर्च वाचला असेल!

विमान आले की आधी ते धुतात. नौदलाचे असेल तर फारच काळजीपूर्वक, कारण समुद्रावरचे मीठ सांध्यासांध्यांत बसलेले असते. तोफा, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधील स्फोटक काडतुसे आणि गोपनीय उपकरणे काढून घेतात. मग इंधन उपसून टाक्यांत आणि नळ्यांत पातळ तेल भरतात, फिरवतात आणि तेही काढून टाकतात. आतल्या पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर राहतो, तेवढाच हवा असतो. इंजिनाची तोंडे, फटी आणि झाकणांच्या कडा कागद व चिकटपट्टीने बंद केल्या जातात आणि वर सोलून काढता येणारा लेप फवारतात : आधी काळा, त्यावर पांढरा. पांढऱ्या थरामुळे ऊन परतते आणि आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा थोडेच जास्त राहते. हा लेप नसता तर बंद कॉकपिटची उन्हात भट्टी झाली असती आणि रबर, तारांची वेष्टणे, काचा सगळे कडक होऊन तडकले असते. विमानाचा खालचा भाग मात्र मुद्दाम मोकळा ठेवतात, म्हणजे आत दमट हवा कोंडत नाही.

साठवलेल्या विमानांचे चार वर्ग केले जातात. पहिल्या वर्गातील विमान जसेच्या तसे राखायचे असते. त्याचा एकही भाग काढायचा नाही आणि ठरावीक वर्षांनी लेप व तेल नव्याने करायचे. दुसरा वर्ग सुट्या भागांच्या खाणीसारखा. तिसऱ्यातील विमाने जवळजवळ उडण्याच्या स्थितीत असतात, त्यांची इंजिने अधूनमधून चालवून पाहतात. चौथ्या वर्गात गेलेले विमान संपले, असे समजायला हरकत नाही. पहिल्या वर्गातून विमान परत येते, ही नुसती सरकारी आशा नाही. ‘घोस्ट रायडर’ हे बी-५२एच बॉम्बफेकी विमान २००८ मध्ये येथे आले होते. सेवेतील दुसऱ्या एका बी-५२ च्या कॉकपिटमध्ये आग लागून ते निकामी झाले, तेव्हा घोस्ट रायडरच्या नळ्या, तारा आणि टाक्या बदलून २०१५ मध्ये ते उडवत नेले गेले. २०१९ मध्ये ‘वाइज गाय’ नावाचे आणखी एक बी-५२ याच वाटेने परतले.

सुटे भाग : उत्पादन बंद झालेल्या विमानाचा भाग नव्याने बनवून घेण्यापेक्षा निवृत्त भावंडाच्या अंगावरून काढणे स्वस्त आणि लवकर होते. ब्रिटनने २०१० च्या अखेरीस हॅरियर विमाने सेवेतून काढली आणि त्यांपैकी ७२ विमाने पुढच्याच वर्षी अमेरिकन मरीन कोअरने मुख्यतः भागांसाठी विकत घेतली. टोर्नेडोच्या बाबतीत ब्रिटिश हवाई दलाने हेच काम घरच्या घरी केले. निवृत्त टोर्नेडो पद्धतशीर उकलून त्यांचे भाग उरलेल्या ताफ्याला पुरवले जात, आणि हा प्रकार २०१९ मध्ये तो ताफा निवृत्त होईपर्यंत चालला. या उकलीत प्रत्येक भागाला त्याच्या कागदपत्रांसह काढावे लागते. किती तास चालला, केव्हा दुरुस्त झाला याची नोंद नसलेला पंप कितीही चांगला असला तरी भंगारच, कारण तो कोणी विमानात बसवू देणार नाही.

मोडणीपूर्वीची तयारी : भंगारवाल्यांच्या हाती देण्याआधी विमान निरुपद्रवी करणे हे या कामातले सर्वांत अवघड प्रकरण. पायलटला रॉकेटने बाहेर फेकणारी इजेक्शन सीट जमिनीवर उभ्या विमानातही तेवढीच जिवंत असते. काही विमानांच्या कॉकपिटवरील पारदर्शक छतात काच फोडणारी स्फोटक दोरी बसवलेली असते. नागमोडी रेघेसारखी ती बाहेरून सहज दिसते. आग विझवणाऱ्या बाटल्या आणि बाहेरच्या टाक्या सोडणारी यंत्रणा यांतही छोटी काडतुसे असतात. चाकांच्या पायांत आणि हायड्रॉलिक साठवण-बाटल्यांत नायट्रोजन मोठ्या दाबाखाली भरलेला असतो. इंधन काढून टाकलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक ठरू शकते, कारण आत उरलेल्या वाफेला ठिणगी पुरते.

त्यानंतर विषारी पदार्थांची पाळी. एफ-१६ मध्ये आणीबाणीच्या वीजपुरवठ्यासाठी हायड्रॅझीन हे अत्यंत विषारी इंधन वापरतात. जुन्या घड्याळी मापकांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो, आणि काही जुन्या जेट इंजिनांच्या मॅग्नेशियम ओतकामात थोरियम मिसळलेले असते, दोन्ही किरणोत्सर्गी. बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा, पत्र्यावर क्रोमेटचा हिरवट-पिवळा अस्तररंग, इंजिनाभोवती कुठे ॲस्बेस्टॉस. ग्राइंडर लावला की हे सगळे धुळीच्या रूपाने कामगाराच्या छातीत जाते. मॅग्नेशियमचा भाग पेटला तर पाणी मारून आग भडकते; त्यासाठी कोरडी भुकटी हाताशी ठेवावी लागते.

लष्करीपणा काढून टाकणे हे वेगळेच. कोणता भाग तसाच विकता येईल, कोणता आधी निकामी करायचा आणि कोणत्याचा पूर्ण चुरा करायचा, हे अमेरिकेत प्रत्येक भागाला दिलेल्या संकेताक्षरावरून ठरते. या नियमाचे टोक एफ-१४ टॉमकॅटच्या बाबतीत दिसले. अमेरिकन नौदलाने २००६ मध्ये ते निवृत्त केले तेव्हा ते वापरणारा जगात दुसरा एकच देश उरला होता, इराण, आणि त्याला भागांची निकड होती. भाग फिरत फिरत तिकडे पोचू नयेत म्हणून विक्री थांबवली गेली, २००८ मध्ये कायद्यानेच बंदी आली, आणि साठवणीतील कितीतरी टॉमकॅट यंत्रात घालून चुरा केले गेले. सांभाळून ठेवावीत अशी ही विमाने, पण भीती जास्त बलवान ठरली.

मोडणी : सुरक्षित केलेला सांगाडा हायड्रॉलिक कातरीने तोडतात. यात आधी निघते ते इंजिन, कारण त्याच्या तप्त भागातील निकेल मिश्रधातूंना चांगला भाव असतो. टायटॅनियमचे भाग वेगळे काढतात. उरलेले बहुतांश ॲल्युमिनियम, पण ते एकजिनसी नसते. पंखाच्या खालच्या पत्र्याला बहुधा ‘२०२४’ क्रमांकाचा तांबेयुक्त, तर वरच्या पत्र्याला व आतल्या तुळयांना ‘७०७५’ क्रमांकाचा जस्तयुक्त मिश्रधातू वापरतात. दोन्ही एकत्र वितळवले तर विमानाच्या कामाचे काहीच हाती येत नाही, साध्या ओतकामाचा माल तेवढा मिळतो. म्हणून हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने तुकडे तपासून ढीग लावतात. वेळखाऊ काम आहे, तरी परवडते, कारण खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत ते पुन्हा वितळवायला ऊर्जा सुमारे ५ टक्केच लागते. कार्बन तंतूंच्या आधुनिक विमानांचे मात्र वितळवून काही होत नाही, आणि कापताना उडणारी त्यांची धूळ विजेच्या उपकरणांनाही घातक असते.

करारांमुळे झालेल्या मोडणीत किंमत पाहिली जात नाही, पुरावा पाहिला जातो. सोव्हिएत संघाशी झालेल्या ‘स्टार्ट’ या अण्वस्त्रकपात करारानुसार अमेरिकेने ३६५ बी-५२ विमाने नष्ट केली. सुमारे ५.९ टनांचे पोलादी पाते क्रेनने उंच नेऊन विमानावर सोडत. शेपूट, पंख, धड असे तुकडे झाले की ते उघड्यावर ९० दिवस तसेच पडू देत, म्हणजे रशियन उपग्रहांना वरून मोजता यावेत. पुढे पात्याऐवजी करवत आली. तिने कापल्यावर भाग तरी वाचत. सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनकडे १९ तू-१६० बॉम्बफेकी विमाने राहिली होती. त्यांपैकी ८ गॅसच्या थकबाकीपोटी रशियाला गेली, बहुतेक बाकीची अमेरिकेच्या पैशाने कापली गेली आणि एक पोल्टाव्हाच्या संग्रहालयात उभे आहे.

जतन : लष्करी तळाच्या दारात चबुतऱ्यावर नाक वर करून बसवलेले जेट हा जतनाचा सर्वांत परिचित आणि सर्वांत वाईट प्रकार. दहा हजारांहून अधिक बनलेले मिग-२१ असे जगभर दिसते. उघड्यावर ठेवलेले विमान ही अतिशय सावकाश चाललेली मोडणीच असते. आधी रिव्हेटभोवती रंग फुगतो. नखाने खरवडला तर खाली पांढरी भुकटी, आणि तिच्याखाली जुन्या वहीची पाने सुटावीत तसे सुटलेले धातूचे पापुद्रे. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम पत्रा जिथे भेटतात तिथे ओल लागली की पत्रा आधी खाल्ला जातो. मॅग्नेशियमची चाके राखाडी भुकटी होऊन गळतात. मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ पट्ट्यांत पाणी शिरले की बाहेर निघत नाही. आणि पाणी निघून जावे म्हणून कारखान्याने पोटाला ठेवलेली बारीक भोके पक्ष्यांच्या काटक्यांनी बुजलेली असतात. वर्षातून दोनदा तारेने ती भोके मोकळी केली तरी विमानाची काही वर्षे वाढतात. ते कोणी करत नाही, दर काही वर्षांनी नवा रंग मात्र आवर्जून फासला जातो. त्या रंगाखाली मूळ खुणा, तंत्रज्ञांसाठी छापलेल्या सूचना, पथकाची चिन्हे, सगळे कायमचे जाते.

चांगले जतन म्हणजे छप्पर, कोरडी हवा आणि टायरवरचा भार काढून घेणारे आधार. हे सगळ्यांना परवडत नाही. रशियातील मोनिनो येथे एकमेव उरलेले मायासिश्चेव्ह एम-५० हे बॉम्बफेकी विमान दशकानुदशके बर्फात उभे राहिले आहे. दुसरी अडचण वाहतुकीची. पंखाचे मुख्य बोल्ट वर्षानुवर्षे न हलल्याने घट्ट बसलेले असतात. ते जॅक लावून, तेल मुरवून, पंखाचा भार नेमका तोलून एकेक काढायचे तर दिवस जातात. घाईत असलेला माणूस तुळईच करवतीने कापतो. मग संग्रहालयात पंख पट्ट्यांनी जोडलेला दिसतो आणि विमान पुन्हा कधी उडण्याचा प्रश्न मिटतो. गोपनीयतेपायीही काटछाट होते. संग्रहालयांना दिलेल्या एफ-११७ नाइटहॉक विमानांचा रडार चुकवणारा लेप आणि पंखांच्या पुढच्या कडा आधी काढून घेतल्या जातात. ज्यासाठी ते विमान प्रसिद्ध, नेमके तेच त्याच्या अंगावर नसते.

निवृत्त विमानांचा आणखी एक उपयोग प्रशिक्षणासाठी होतो. ब्रिटनमध्ये कॉसफर्ड येथे नवे तंत्रज्ञ निवृत्त जॅग्वारवर हात बसवतात. काहींच्या वाट्याला मात्र लक्ष्य होणे येते : एफ-४ फँटम वैमानिकाविना उडवून क्षेपणास्त्रांनी पाडण्याचा अमेरिकेतील प्रघात २०१६ पर्यंत चालला, आता ती जागा एफ-१६ ने घेतली आहे.

उडते ठेवलेले निवृत्त जेट ही सर्वांत महाग हौस. ब्रिटनचे व्हल्कन एक्सएच५५८ हे बॉम्बफेकी विमान लोकवर्गणीतून २००७ मध्ये पुन्हा उडाले आणि २०१५ मध्ये थांबले. ते थांबण्याचे कारण सांगाड्यात शोधून उपयोग नाही. त्याची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेतला, कारण ते विमान जाणणारी माणसेच निवृत्त होत होती. त्याच वर्षी २२ ऑगस्टला शोरहॅम येथे एका जुन्या हंटर जेटला अपघात होऊन ११ जण मृत्युमुखी पडले आणि ब्रिटनमध्ये अशा विमानांच्या (समुद्राऐवजी) जमिनीच्या वर होणाऱ्या हवाई कसरतींवर कडक बंधने आली.

अख्खे विमान ठेवायला जागा नसलेले हौशी लोक नुसते नाक ठेवतात. कॉकपिटचा भाग कापून गाडीवर घालून घरी न्यायचा आणि वर्षानुवर्षे एकेक घड्याळ, एकेक बटण शोधून तो पूर्ण करायचा, हा छंद ब्रिटनमध्ये इतका रुजला आहे की न्यूअर्कच्या विमान संग्रहालयात त्याचा मेळावा भरतो. असे नाक कधी कधी इतिहासाचा एकमेव अवशेष ठरते. कॅनडाने २० फेब्रुवारी १९५९ रोजी ॲव्हरो ॲरो या लढाऊ जेटचा प्रकल्प अचानक बंद केला आणि उडालेली पाचही विमाने कापून टाकायला लावली. सहावे जवळजवळ तयार होते. त्याच्या नाकाचा भाग ओटावाच्या संग्रहालयात आहे.