घर म्हणजे कुठवर?

घराची ओढ हा एके काळी चक्क आजार मानला जाई. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात त्याला 'नॉस्टॅल्जिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेतले 'घरी परतणे' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून त्याने ते घडवले. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांना हा हमखास जडतो, अशी समजूत पुढे पसरली. उतारा साधा होता: घरी पाठवा.

२०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, सगळे घरीच होते, तरी जीव कशासाठी तरी तुटतच होता.

दारे बंद करणे तसे जुनेच. १६६५ च्या प्लेगात लंडनमध्ये रुग्ण सापडलेल्या घराला कुलूप लागे, दारावर लाल क्रूस रंगवला जाई, बाहेर पहारा बसे. पण बंद होई ते आजारी घर. २३ जानेवारी २०२० ला वुहान, मार्चमध्ये इटली आणि मग एकामागून एक देश बंद झाले, तेव्हा धडधाकट माणसांची घरेही त्यात आली.

शिवाय मधल्या काळात घरच बदलले होते. विणकराचा माग घरातच असे. कारखाने आले आणि काम उंबरठ्याबाहेर गेले. घर ही परतण्याची जागा झाली. टाळेबंदीत काम परत आले, पण माग ठेवायला जागा उरली नव्हती. मग इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, आणि कॅमेऱ्यात दिसेल तेवढाच भिंतीचा तुकडा आवरलेला. (खालचा पसारा सगळ्यांचा सारखाच.) ज्यांना मारणारा माणूस घरातच होता, त्यांच्यासाठी 'घरी सुरक्षित राहा' ही सूचना क्रूर होती.

घराबाहेरचा परिसरही मोजून मिळाला. फ्रान्समध्ये फिरायला एक किलोमीटर आणि एक तास, तोही खिशात स्वतःच भरलेला परवाना ठेवून. मेलबर्नमध्ये पाच किलोमीटर. वर्षानुवर्षे गाडीतून ओलांडलेली गल्ली लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पायी पाहिली.

मेलबर्नमध्ये सप्टेंबरात एकट्या राहणाऱ्यांना सवलत मिळाली: एकच माणूस ठरवायचा, तोच घरी येऊ शकेल. म्हणजे कुणाला बोलवायचे हे ठरवताना बाकीच्या सगळ्यांना वगळणे आलेच.