लोकसंख्येचा मनोरा आला कुठून?

भूगोलाच्या पुस्तकात तो आडव्या पट्ट्यांचा ग्राफ असतो ना, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, खाली लहान पोरं आणि वर म्हातारे, तो काही फार जुना नाही. अमेरिकेत १८७० च्या जनगणनेचं काम फ्रान्सिस वॉकर बघत होता, त्याने १८७४ मध्ये त्या आकड्यांचा मोठा अ‍ॅटलास काढला आणि त्यात असे पाठीला पाठ लावलेले ग्राफ छापले. हा माणूस आधी यादवी युद्धात लढलेला, मग अर्थशास्त्रज्ञ.

तेव्हा बहुतेक देशांचा आकार खाली रुंद, वर निमुळता असाच यायचा, कारण पोरं भरपूर व्हायची आणि त्यातली बरीच जगायची नाहीत. खरी मजा पुढे आली. फ्रान्सच्या ग्राफमध्ये पहिल्या महायुद्धाची खाच आहे, नवरे आघाडीवर असल्यामुळे १९१५ ते १९१९ मध्ये जन्मच कमी झाले, आणि ती कमी संख्येची पिढी आईबाप व्हायच्या वयाला आली तेव्हा पुन्हा जन्म कमी, म्हणून त्यांच्या पोरांच्या पट्ट्यांत दुसरी खाच.

जपानचं तर अजबच. तिकडे दर ६० वर्षांनी 'आगीच्या घोड्याचं' वर्ष येतं, त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला खाते असा समज (आपल्याकडच्या मंगळाचीच बहीण म्हणा), म्हणून १९६५ ला १८ लाखांवर जन्म झाले होते ते १९६६ ला साडेतेरा लाखांच्या आसपास आले आणि १९६७ ला परत १९ लाखांच्या वर. म्हणजे ग्राफमध्ये एकच पट्टी आत गेलेली, आजूबाजूच्या धडधाकट! युद्ध नाही, दुष्काळ नाही, नुसती पत्रिका.

आपल्याकडे देशभर एकाच वेळी जनगणना १८८१ पासून होतेय, पण वयाची बोंब जुनीच. प्रगणक दारात येतो, आजी सांगते "लिहा साठ", झालं. त्यामुळे एकेका वर्षाचा ग्राफ काढला की ३०, ४०, ५०, ६० वर सुळके आणि ३९, ४१ अशा शेजारच्या वयांवर खड्डे, म्हणून मग पाच-पाच वर्षांचे गट करून काढतात, तरी सगळं लपत नाहीच.

आणि गाव बदललं की आकारही बदलतो. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका, मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. कोकणातला चाकरमानी गावच्या ग्राफमधून गळतो तो मुंबईच्या डाव्या बाजूला भर घालतो, अर्थात तिथे तो एकटा नाही, यूपी-बिहारवालेही आहेतच.