मोटरवाल्या ताडपत्रीतले रचनेचे दोष
मोटरवाली ताडपत्री म्हणजे ट्रॉलीच्या नाहीतर पिकअपच्या फाळक्यावर एका लांब पाइपाला गुंडाळलेलं झाकण, १२ व्होल्टची गिअर मोटर पाइप फिरवते आणि ते उघडतं किंवा बंद होतं. जिनिंगच्या नाहीतर बाजार समितीच्या रांगेत कापूस भरून गाडी उभी आहे आणि अवकाळी आला, तर हे लय कामाचं. पण ते अडलं की सगळे आधी मोटर बदलतात, आणि रचनाच चुकलेली असली तर नवी मोटरही जळते.

म्हणून पहिले मोटरचं कपलिंग, म्हणजे मोटर आणि पाइप जोडणारा भाग, सोडा आणि पाइप हातानं फिरवा. दर फेरीत एकाच जागी जड गेला तर पाइप वाकलाय, पूर्ण फेरीत जड असेल तर दोन्ही टोकांचे बुश (ज्यात पाइप टेकून फिरतो ती कडी) एका रेषेत नाहीत नाहीतर धुळीनं भरलेत, आणि सकाळी मोकळा पण दुपारी जाम होत असेल तर नायलॉनचा बुश फार टाइट बसवलाय, मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तो फुगणारच.

सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे पाइपाचा झोल. तोच पाइप दुप्पट लांब केला तर स्वतःच्या वजनानं १६ पट झुकतो, हे बनवताना कोणी धरतच नाही. जाड पत्र्याच्या बारीक पाइपापेक्षा तेवढ्याच वजनाचा मोठ्या व्यासाचा पाइप कितीतरी ताठ राहतो, माझ्या मते पैसा इथंच घालावा. मोटर एकाच टोकाला असली तर पाइपाला पीळही बसतो, पाइपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूनं सरळ रेघ मारा आणि ताणाखाली फिरवून बघा, लांबच्या टोकाला रेघ मागं पडलेली दिसते. कापड तिरपं जात असेल तर ते डावं-उजवं उलटून लावा, तिरपेपणाची बाजू बदलली तर दोष कटाईत, नाही बदलली तर सांगाड्यात.

गुंडाळी जाड होत जाते तसा मोटरवर भार वाढतो, त्यामुळे शेवटच्या हातभर कापडाला दमणारी मोटर नुसत्या पाइपाच्या हिशोबानं घेतलेली असते. व्होल्टेज बॅटरीवर नाही, चालू मोटरच्या टर्मिनलवर मोजा, कारण बारीक वायरीत ते वाटेतच कमी होतं, १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन १२ मीटरला १५ अँपिअरवर जवळपास २ व्होल्ट जातात. वर कमानी नसल्या तर पाणी साचतं, १ चौरस मीटरमध्ये ५ सेंटीमीटर म्हणजे ५० किलो, ते कोणतीच छोटी मोटर ओढत नाही. टोकाला पोचल्यावर मोटर आपोआप बंद करणारा लिमिट स्विच नसला तर टोकाला पोचूनही मोटर ओढत राहते, फ्यूज उडतो, आणि त्याच्या जागी जाड तार लावली की गिअरचे दात जातात नाहीतर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं.